पणजीचं माहेर

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की आमच्या इथल्या शेजारणीची आजी मी दोन हिवाळे खपून कागदांतून शोधून काढली, तर त्यावर एवढ्या मेल आल्या की संपादक म्हणाले, या वेळचं सदर त्यालाच देऊन टाका. तेव्हा व्हिसा, शाळा आणि कुकरच्या शिट्ट्यांवरून शेजाऱ्यांशी होणारी भांडणं हे सगळं पुढच्या महिन्यात. आधीच सांगते, मी इतिहासकार वगैरे नाही. इंग्लंडात लँकेशायरमध्ये बावीस वर्षं राहतेय आणि इथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, मग माणूस काहीतरी उद्योग शोधतो.

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, नवरा इंग्लिश, आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. सासूबाई आता ऐंशीच्या होतील म्हणून त्यांना वंशवृक्ष फ्रेम करून द्यायचाय. त्यांच्या वडिलांकडचं पटापट मिळालं पण आईकडून जी पणजी, तिच्यापाशी सगळं अडलंय. ती ब्लॅकबर्नची, कापडगिरणीत विणकर, घरात सगळे तिला पेगी म्हणायचे. एक फोटो आहे, डोक्यावरून शाल आणि पायात लाकडी तळाचे बूट. १९११ च्या जनगणनेत ती नवऱ्याच्या आडनावाने सापडली, तिथे मार्गारेट लिहिलंय. पण लग्नाआधी ती कोण होती? नवरा म्हणतो जाऊ दे, नुसतं पेगी लिही. मला ते पटत नाहीये.

उत्तर : पटत नाही ना, मग लागा कामाला. पेगी म्हणजे मार्गारेट हे तुम्हाला जनगणनेनेच सांगितलं, नशीबवान आहात. इंग्लिश बायकांच्या नावांचा घोळ आपल्यापेक्षा कमी नाही. मेरीची पॉली होते नाहीतर मॉली, साराची सॅली, अ‍ॅनची नॅन्सी, एलेनची नेली, आणि एलिझाबेथचं तर विचारूच नका, बेट्सी, बेटी, बेसी, लिझी, एलायझा काहीही. आपल्याकडे कशी दाखल्यावर सुशीला, माहेरी बेबी, सासरी लक्ष्मी आणि नातवंडांची माई, तसंच. त्यामुळे एका नावाने सापडली नाही तर बाई नव्हतीच असं समजू नका.

आता मुख्य मुद्दा. इथली साधी बाई लग्न झालं की कागदावरून नाहीशी होते, म्हणजे असते ती, पण दुसऱ्याच्या आडनावाखाली आणि अमक्याची बायको म्हणून. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८८२ चा कायदा १ जानेवारी १८८३ ला लागू झाला, त्याच्या आधी नवऱ्याच्या हयातीत तिच्या नावावर काही असणंच मुश्किल, मग इच्छापत्र कुठलं आणि दस्तऐवज कुठले. म्हणून शोधायचं ते तिचं माहेर. आणि गंमत अशी की माहेरचं आडनाव तिच्या स्वतःच्या कागदांपेक्षा तिच्या पोरांच्या कागदांवर जास्त सापडतं.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जन्मदाखल्यावर आईचा एक रकाना असतो, त्यात तिचं नाव, नवऱ्याचं आडनाव आणि पुढे ‘फॉर्मरली’ लिहून माहेरचं आडनाव. जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवर अकाउंट काढा, फुकट आहे, आणि जन्मसूचीत पेगीच्या मुलीचं, म्हणजे सासूबाईंच्या आजीचं नाव, जन्मसाल आणि ब्लॅकबर्न जिल्हा टाका. आईचं माहेरचं आडनाव सूचीतच समोर येईल, दाखला मागवायच्याही आधी. ही नवीन सूची अगदी १८३७ पासून आईचं आडनाव देते. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच यायला लागलं, त्यामुळे त्या सूचीवर चालणाऱ्या साइटी बघून बरेच जण समजतात की माहितीच नाही. तिमाहीचंही लक्षात ठेवा, सूचीतली तिमाही नोंदणीची, जन्माची नाही; जन्म नोंदवायला ४२ दिवस असायचे, म्हणजे डिसेंबरातलं पोर पुढच्या सालात बसलेलं असू शकतं. आणि आईच्या आडनावाची जागा रिकामी दिसली तर बहुतेक वेळा ते मूल लग्नाबाहेरचं, आणि मग मुलाचं आडनाव तेच आईचं आडनाव. हे सासूबाईंना कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

पण सूचीवर थांबू नका, एक तरी दाखला विकत घ्या. का ते सांगते.

आमच्या शेजारणीने तिच्या आजीचं आडनाव स्वतःच शोधून ठेवलं होतं, लग्नाच्या दाखल्यावरून, आणि त्या आडनावाच्या आईबापांचा शोध सहा वर्षं चालला होता. सहा वर्षं! काहीच हाती नाही. मी म्हटलं, आजीच्या कुठल्यातरी मुलाचा जन्मदाखला मागव. तो आला, आम्ही किचनमध्ये चहा पीत उघडला, तर आईच्या रकान्यात नुसतं ‘फॉर्मरली’ नाही, त्याच्या आधी ‘लेट’ म्हणून एक आडनाव आणि मग ‘फॉर्मरली’ म्हणून दुसरं. म्हणजे आजीचं आधी एक लग्न झालेलं, नवरा वारलेला, आणि शेजारीण जे आडनाव घेऊन सहा वर्षं हिंडत होती ते आजीचं माहेर नव्हतंच, पहिलं सासर होतं! मग लग्नाचा दाखला पुन्हा बाहेर काढला. त्यावर आजीच्या नावापुढे सरळ ‘विडो’ लिहिलेलं, आणि वडिलांच्या रकान्यात वडिलांचं आडनाव वेगळं. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर होतं, तिला वाटायचं कारकुनाची चूक. तेव्हा पेगीचा लग्नाचा दाखला मिळाला की आधी बघा, ती स्पिन्स्टर (म्हणजे अविवाहित) आहे का विडो, आणि तिचं आडनाव आणि बापाचं आडनाव जुळतंय का.

बापाचंच का म्हणते, तर इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यावर आईला जागाच नव्हती. १८३७ पासून दोन्ही बापांची नावं आणि धंदे, आयांचा पत्ता नाही, हे थेट ४ मे २०२१ पर्यंत. हो, २०२१. माझी एक मैत्रीण इथे २०१९ मध्ये लग्न करत होती, रजिस्ट्रारने वडिलांचा धंदा विचारला आणि आई बाजूला बसलेली, तिला कोणी काही विचारलं नाही. आपल्या लग्नपत्रिकेवर निदान ‘सौ. व श्री.’ तरी असतं.

वडिलांचा रकाना कोराच असेल तर बाईचा जन्म लग्नाबाहेरचा असण्याची शक्यता मोठी. कधीकधी लाज वाटून मनातलाच कोणी बाप लिहून द्यायचे, तेव्हा लिहिलंय म्हणजे खरंच आहे असंही नाही. वय आकड्यात न देता ‘फुल एज’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकवीस किंवा वर, पन्नासही असू शकतं. नवरानवरीचा पत्ता एकच असला तर लगेच भुवया उंचावू नका, दोन वेगवेगळ्या चर्चमध्ये तीन-तीन रविवार लग्नाची घोषणा करून दोनदा पैसे भरण्यापेक्षा एकच पत्ता दिलेला परवडायचा. आणि साक्षीदार नक्की वाचा! साक्षीदार म्हणजे बऱ्याचदा नवरीची बहीण नाहीतर भाऊ. माहेरच्या माणसांची नावं तिथे फुकट मिळतात आणि लोक बघतच नाहीत.

शक्य झालं तर चर्चचं मूळ रजिस्टर बघा, प्रेस्टनला लँकेशायरच्या अभिलेखागारात जिल्ह्यातली खूप रजिस्टरं आहेत आणि बऱ्याच नोंदी स्वयंसेवकांनी टाइप करून ऑनलाइन फुकट ठेवल्यात, ‘लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स’ या नावाने शोधा. सरकारी दाखला ही नक्कल असते, सही कारकुनाच्या अक्षरात, चर्चच्या वहीत मात्र खरी सही. शेजारणीच्या आजीने पहिल्या लग्नात नुसती फुली मारलीय, शेजारी कारकुनाने ‘अमकीची खूण’ असं लिहिलंय. सात वर्षांनी दुसऱ्या लग्नात तिने नाव लिहिलंय, एक अक्षर खाली एक वर, पेन इतका दाबून की शाई फुटलीय. मधल्या सात वर्षांत नवरा गेला, गिरणी चालूच, आणि बाई लिहायला कधी शिकली, कोणाकडे शिकली, कोणालाच माहीत नाही. शेजारीण त्या सहीवर बोट ठेवून बराच वेळ बसली होती.

परत तुमच्या १९११ कडे. ती जनगणना २ एप्रिलची. आधीच्या खेपांचे घरोघरचे फॉर्म टाकून दिलेत, गणनेवाल्याने उतरवून घेतलेल्या वह्याच उरल्यात, १९११ चा फॉर्म मात्र घरच्या माणसाच्या हातचा. त्यात विवाहित बाईसाठी चार आकडे आहेत : लग्नाला किती वर्षं, मुलं जिवंत जन्मली किती, आता आहेत किती, गेली किती. विधवांनी ते भरायचे नव्हते तरी कित्येकींनी भरले आणि मग ते खोडले गेले. आमच्या शेजारणीच्या आजोबांनी तर गेलेल्या तीन मुलांची नावंही वयासकट जिवंतांच्या ओळीतच लिहून टाकली होती, कारकुनाने लाल शाईने रेघा मारल्यात, पण वाचता येतात. तुमच्या पेगीच्या फॉर्मवर ‘गेली’च्या रकान्यात आकडा असेल तर ती मुलं शोधा. जनगणना दहा वर्षांनी एकदा व्हायची, मध्ये जन्मून मध्येच गेलेलं मूल कुठल्याच जनगणनेत नसतं. पण जन्मसूचीत बापाचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव अशी जोडी टाकली की सगळी भावंडं ओळीने येतात, गेलेली धरून. आकडा जुळेपर्यंत शोधायचं. मृत जन्मलेली बाळं मात्र त्यात नसतील, त्यांची नोंद १९२७ पासूनची.

माहेर मिळालं की मागे चला, १८८१, १८७१, १८६१. १८५१ पासून जनगणनेत घरातलं नातं आणि जन्मगाव मिळतं. १८४१ मध्ये नातं नाही, आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली, म्हणजे एकोणतीसची बाई पंचवीसची होऊन बसते. पेगीचा जन्म १८६० च्या आसपासचा असेल तर तो काळ नेमका लँकेशायरच्या उपासमारीचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध, तिकडचा कापूस यायचा बंद, गिरण्यांना कुलपं. मग आपल्याकडून ‘सुरत’ कापूस गेला, आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला, मागावर सारखा तुटायचा. देवा कापूस पाठव पण सुरत नको अशी कोणीतरी प्रार्थना केल्याची गोष्ट इथे अजून सांगतात. तिकडे मुंबईत त्याच कापसाने लोक शेअर बाजारात वेडे झाले होते आणि इकडे विणकर सूपच्या रांगेत. त्यामुळे १८६१ ला ब्लॅकबर्नला असलेलं घर १८७१ ला यॉर्कशरमध्ये दिसलं तर दचकू नका, पोटामागे गेलेले असतात.

आणि फ्रेममध्ये लिहायला एक गोष्ट. ब्लॅकबर्नच्या मागांवर आपल्यासाठी धोतरं विणली जायची, गठ्ठेच्या गठ्ठे मुंबई-कलकत्त्याला. तुमच्या पेगीने विणलेलं धोतर साताऱ्यात तुमच्या पणजोबांनी नेसलेलं असू शकतं, सिद्ध करता येणार नाही पण सासूबाईंना सांगा. पुढे स्वदेशीने तेच माग बंद पाडायला हातभार लावला. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नच्या शेजारी डार्वेनला येऊन विणकरांना भेटले, तेव्हाचा गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यातला त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल, सगळ्या हसतायत. त्यातल्या कितीतरी जणींचं काम आधीच सुटलेलं होतं.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने एका साइटवर तिचा वंशवृक्ष थेट १०६६ पर्यंत नेलाय. आम्ही १७९० ला अडकलोय, एका खेड्यातली मेरी. काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये, मैत्रिणीचं चुकतंय. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढलेला. त्याच्या मागे साध्या घरातली बाई, म्हणजे जिच्याकडे ना जमीन ना पदवी, तिच्यापर्यंत पोचायला रस्ताच नसतो, आणि १०६६ ला पोचलेल्या झाडात कुठेतरी कोणीतरी एका सरदाराच्या मुलीवर उडी मारलेली असते. या साइटींवर एकाने चूक केली की चाळीस जण कॉपी मारतात आणि मग चाळीस जणांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार असं होतं.

तुमच्या मेरीसाठी आधी तिचं लग्न शोधा. २५ मार्च १७५४ पासून हार्डविकच्या लग्नाच्या कायद्याने लग्नाच्या नोंदीवर नवरा, नवरी आणि साक्षीदार सगळ्यांची सही किंवा फुली आली. मग बाप्तिस्मा. त्या गावात त्याच आडनावाच्या दोन मेरी असतीलच, असतातच, तेव्हा दोघींची दफनं शोधा. लोक वीस वर्षं एका मेरीच्या मागे लागतात आणि ती बिचारी दीड महिन्याची असतानाच गेलेली असते, त्याच वहीत चार पानं पुढे लिहिलेलं असतं पण दफनाची पानं उलटायचा सगळ्यांना कंटाळा. दफनात मोठ्या बाईचं नावही मिळेलच असं नाही, कुठे कुठे ‘जॉनची बायको’ एवढंच. राग येतो हो वाचताना.

गरीब असेल तर उलट बरं (वाईट वाटतं असं लिहायला). गरिबांना पोसायचा खर्च गावावर असायचा, त्यामुळे ही बाई आमच्या गावची नाहीच हे सिद्ध करायला तिची साग्रसंगीत जबानी घ्यायचे : जन्म कुठला, नोकरीला कुठे होतीस, लग्न कोणाशी, मुलं किती. आणि लग्नाशिवाय पोर होणार असेल तर बाप कोण ते वदवून घेऊन त्याच्याकडून पैशांची हमी लिहून घ्यायचे. असले कागद जिल्ह्याच्या अभिलेखागारात पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या) पेटीत सापडतात, सगळ्या गावांचे उरलेले नाहीत, पण सापडले तर साध्या बाईचं अख्खं आयुष्य एका पानावर. आणि हो, १७५२ च्या आधीच्या तारखा जपून लिहा, तेव्हा नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. फेब्रुवारी १७४० म्हणजे आपल्या हिशोबाने १७४१. लग्नाआधी मूल झालं म्हणून एका वाचकाने पूर्वजांना उगीच बदनाम केलं होतं, नंतर कॅलेंडर कळलं.

प्रश्न : आम्ही नाशिकचे ख्रिस्ती. आईची पणजी गोरी इंग्लिश बाई होती, नवरा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत ड्रायव्हर, इगतपुरीला राहायचे असं घरात सांगतात. इंग्लंडमध्ये तिचं काहीच सापडत नाही.

उत्तर : कारण ती इंग्लंडमध्ये जन्मली नसेल. घरात ‘इंग्लिश’ म्हणतात त्यातल्या कितीतरी जणी जन्मल्या पुण्याला, देवळालीला नाहीतर भुसावळला, बाप पलटणीत किंवा रेल्वेत. तेव्हा आधी भारताकडचे कागद. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवायचे, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. बंगालचा क्रमांक एन १, मद्रासचा एन २, आपल्या मुंबईचा एन ३. यातलं खूप काही फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर आलंय, आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट बघता येते, तिथून सुरुवात करा.

इथे एक खोच आहे. या बाप्तिस्म्यांच्या नोंदीत आईचं नुसतं पहिलं नाव असतं, माहेरचं आडनाव बहुतेक नाहीच. म्हणून मुलांच्या नोंदींवरून माहेर शोधायची वर सांगितलेली युक्ती इथे चालत नाही, इथे लग्नाचीच नोंद लागते. बाई विधवा असेल तर तारखा बघून धक्का बसून घेऊ नका. सोल्जर मेला की बायकोचा भत्ता फार दिवस चालायचा नाही, राहायला जागा नाही, परत जायला बोटीचे पैसे नाहीत, मग काही आठवड्यांतच त्याच पलटणीतल्या दुसऱ्याशी लग्न. एकाच बाईची तीन-तीन आडनावं मग कागदावर येतात. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरी चर्च १८२५ चं, पलटणीतली लग्नं तिथे खूप झालीत. तुमच्या बाबतीत इगतपुरी नक्की माहीत आहे तर १८६५ च्या पुढे बघा, थळ घाटातली गाडी तेव्हा सुरू झाली.

नाशिकला राहता म्हणून विचारते, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या कधी पाहिल्यात का? तिथेही बघा, कर्त्या पुरुषांच्या नावांची रांग आणि बायका असल्या तर कडेला.

प्रश्न : डीएनए टेस्ट करून खापरपणजी सापडेल का? एवढे कागद कशाला?

उत्तर : टेस्टमधून बाई सापडत नाही, चुलत-मावस भावंडं सापडतात, मग त्यांना विचारायचं की तुमच्याकडे काही कागद आहेत का. म्हणजे परत कागदच. खापरपणजीचा सरासरी सोळावा हिस्सा तुमच्यात असतो, कमीजास्त होतो. आईकडून आईकडे जाणारी जी मायटोकॉन्ड्रियाची टेस्ट आहे ती ऐकायला छान वाटते पण ती हजारो वर्षांत जेमतेम बदलते, त्यामुळे जुळलेलं माणूस दोनशे वर्षांपूर्वीचं नातेवाईक का दोन हजार, सांगता येत नाही. मुख्य म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय करू नका. एका कुटुंबात या टेस्टने आजोबाच बदलले आणि ख्रिसमसचं जेवण बंद झालं, तपशील मी छापणार नाही.

प्रश्न : १९३१ ची जनगणना कधी खुली होणार? आणि १९११ मध्ये आमच्या घरातली एक बाई कुठेच का नाही?

उत्तर : १९३१ ची कधीच नाही. इंग्लंड-वेल्सचे ते कागद डिसेंबर १९४२ मध्ये लंडनजवळच्या हेज इथल्या गोदामाच्या आगीत जळाले, बॉम्ब नाही, साधीच आग. १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे १९२१ नंतर एकदम १९५१, आणि ती शंभर वर्षांनी उघडणार. मधली भोकं बुजवायला २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर आहे, युद्धाच्या सुरुवातीला ओळखपत्रांसाठी केलेलं. बायकांच्या कामाच्या रकान्यात ओळीने ‘अनपेड डोमेस्टिक ड्यूटीज’. पण हेच रजिस्टर पुढे आरोग्यसेवेने वापरलं आणि नंतर लग्न झालेल्या मुलींची आडनावं खोडून वर नवीन आडनावं लिहिली, म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही एकाच ओळीत. असा कागद मला तरी दुसरा माहीत नाही. शंभर वर्षं न झालेल्या आणि मृत्यूची नोंद न लागलेल्या माणसांच्या ओळी मात्र काळ्या केलेल्या असतात.

१९११ चं म्हणाल तर काही बायका मुद्दामच सापडत नाहीत. मत नाही तर मोजणीही नाही म्हणून मताधिकारवाल्या बायकांनी ती रात्र घराबाहेर काढली, एमिली डेव्हिसन तर पार्लमेंटमध्येच एका कपाटात लपून बसली. तुमची बाई त्यांच्यातली असेल तर छान, पण आधी आडनावाचं स्पेलिंग चारपाच तऱ्हांनी बदलून बघा. बहुतेक वेळा तेच निघतं.

प्रश्न : पूर्वज बाईची कबर शोधायला कुठल्या चर्चमध्ये जायचं?

उत्तर : शहरातली गिरणी कामगार असेल तर चर्चमध्ये नाही, नगरपालिकेच्या दफनभूमीत. मृत्यूच्या दाखल्यावर कुठे पुरलं ते नसतं, दफनाची वही वेगळी, ती पालिकेकडे किंवा अभिलेखागारात मिळते. दगड असेलच असं धरून जाऊ नका. पैसे नसले की सार्वजनिक कबर, एका खड्ड्यात एकमेकांशी काही संबंध नसलेली माणसं एकावर एक. शेजारणीच्या आजीचं तसंच निघालं. वहीत तिच्याबरोबर एक रंगारी, एक म्हातारी आणि दोन तान्ही बाळं. नकाशावरून जागा शोधली, आजूबाजूच्या दगडांवरचे आकडे मोजत गेलो, पाऊस होताच. तिथे नुसतं गवत. शेजारणीने दोन डॅफोडिलचे कांदे आणले होते, आत लावायला परवानगी लागते म्हणून कुंपणाच्या कडेला लावले. यंदा एकच आलाय.